वखारीपासून सिलिंडरपर्यंत : ठाणें-कल्याणच्या चुलीचा इतिहास

ठाणें शहरांत, कल्याणच्या जुन्या पेठेंत अथवा डोंबिवलीच्या एखाद्या चाळींत पहांटेचा चहा उकळत असतां शेगडीची ज्योत एकाएकीं मंदावावी आणि घरांतील माणसांनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहावें, हा प्रसंग त्या भागांतील कुटुंबांना अपरिचित नाहीं. मुंबईची गाडी ठरल्या वेळीं सुटणार असते, डबा अद्यापि तयार झालेला नसतो. अशा वेळीं दुसरें भरलेलें सिलिंडर घरांत आहे कीं नाहीं, या एका प्रश्नावर साऱ्या दिवसाची घडी अवलंबून राहते. हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु तो फार जुना आहे. सरपण संपण्यापूर्वीं सरपण आणून ठेवणें हें गृहिणीचें कसब वखारींच्या काळींहि पाहिलें जाई. बदललें तें इंधन, आणि त्या इंधनासाठीं राबणारे हात.

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोंचली, आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत धांवूं लागली. तत्पूर्वीं उल्हास नदीच्या कांठचें कल्याण हें बंदर होतें, आणि ठाण्याच्या खाडींतून गलबतांची ये-जा चाले. मुरबाड, शहापूर या बाजूंच्या रानांतून येणारें लांकूड आणि कोळसा यांवर या गांवांच्याच नव्हे, तर मुंबईच्याहि चुली पेटत. हा कोळसा पाडणारे बहुधा कातकरी असत. ठेकेदाराकडून पावसाळ्यांत उचल घ्यावी, आणि पाऊस सरतांच मुलांबाळांसह भट्टीवर जाऊन ती फेडावी, हा त्यांचा वर्षाचा क्रम असे. उचल मात्र क्वचितच पुरी फिटे. शहरांतील घरांत शेगडीवर फुलणाऱ्या निखाऱ्यामागें एखाद्या कुटुंबाचें असें कर्ज जळत असे, याची जाणीव वखारींत तराजूपुढें उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास क्वचितच होई.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं वायूचे दिवे लागले. दगडी कोळशापासून काढलेला हा वायु जमिनीखालच्या नळांतून खेळविला जाई, आणि पुढें तो शहरांतील कांहीं स्वयंपाकघरांतहि शिरला. ठाणें-कल्याणच्या वांट्यास मात्र तो आला नाहीं. तेथें लांकडानंतर आलें तें रॉकेल. स्वीडनमध्यें १८९२ सालीं निघालेला प्रायमस स्टोव्ह आणि त्याहून स्वस्त असा वातीचा स्टोव्ह यांनीं धुराचा जाच पुष्कळच कमी केला. पण पिनेनें भोंक साफ करणें, पंप मारणें आणि भडक्याचें भय हीं नवीं व्यवधानें त्यांच्यासवें आलीं. शिवाय रॉकेल हें शिधापत्रिकेवर मिळणारें, म्हणून रांगेंत उभें राहून मिळवावयाचें. मुंबईंत १९७२ सालीं महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिति उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांसारख्या नेत्या तिच्या अग्रभागीं होत्या. लाटणीं हातीं घेऊन निघालेल्या त्या मोर्चांच्या मागण्यांत धान्य आणि तेल यांबरोबर रॉकेलहि होतें. चुलीचा प्रश्न स्वयंपाकघराबाहेर पडून रस्त्यावर आला तो असा.

सिलिंडरांतील वायूची कथा याहून निराळी आहे. अमेरिकेंतील वॉल्टर स्नेलिंग या रसायनज्ञानें १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंचा अभ्यास करून प्रोपेन वेगळा काढला, आणि दाबाखालीं तो द्रवरूपांत सांठवितां येतो हें दाखविलें. प्रोपेन आणि ब्यूटेन यांचें मिश्रण म्हणजेच आपल्या सिलिंडरांतील वायु होय. द्रवाचा वायु होतांना त्याचें आकारमान सुमारें अडीचशे पट वाढतें; म्हणूनच महिनाभराचा स्वयंपाक एका लोखंडी नळकांड्यांत मावतो. तुर्भें येथें १९५४ व १९५५ सालीं तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने सुरू झाले, आणि त्याच सुमारास बर्मा-शेल कंपनीनें मुंबईंत ‘बरशेन’ या नांवानें हा वायु घरोघर देण्यास आरंभ केला. पुढें १९६५ सालीं ‘इंडेन’ आलें. एस्सो कंपनी १९७४ सालीं आणि बर्मा-शेल १९७६ सालीं सरकारच्या ताब्यांत आल्यावर सिलिंडरांवरील नांवें बदललीं; परंतु कित्येक जुन्या घरांत पुढेंहि बराच काळ ‘बरशेन’ हेंच नांव तोंडीं राहिलें.

या वेळपर्यंत ठाणें, कल्याण, डोंबिवली हीं गांवें राहिलीं नव्हतीं. नोकरी मुंबईंत आणि बिऱ्हाड येथें, अशा मध्यमवर्गीय कुटुंबांनीं तीं भरून गेलीं. ठाण्यास १९८२ सालीं आणि कल्याणास १९८३ सालीं महानगरपालिका स्थापन झाली. घरें वाढलीं त्या वेगानें वायु वाढला नाहीं. नांव नोंदवावें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी, अशी स्थिति होती. ज्याच्या घरीं जोडणी आहे, त्याची प्रतिष्ठा वेगळी. आणि ज्याच्याकडे दुसरें सिलिंडर आहे, तो तर भाग्यवानच. एक सिलिंडर संपून दुसरें येईपर्यंत माळ्यावरचा स्टोव्ह खालीं काढावा लागे, नाहीं तर शेजारच्या वहिनींकडे उसनें सिलिंडर मागावें लागे. सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवण्याची रीत या टंचाईंतूनच रुजली. पूर्वींच्या गृहिणीनें सरपणाच्या ढिगाकडे पाहून जो अंदाज केला असता, तो आतां लोखंडाच्या आड गेला होता; म्हणून तो तारखांवरून करणें भाग पडलें.

तथापि लोखंडाच्या आडचा हा द्रव अगदींच अदृश्य नाहीं. द्रवाचा वायु होतांना तो सभोंवारची उष्णता शोषून घेतो, त्यामुळें सिलिंडर जेथपर्यंत भरलेलें आहे तेथपर्यंतचा पत्रा थंड राहतो. ओल्या फडक्यानें सिलिंडर पुसलें असतां रिकामा भाग लौकर सुकतो आणि भरलेला भाग उशिरां. त्यांच्या सीमेवरून उरलेला सांठा ओळखतां येतो. याहून खरी परीक्षा वजनाची. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो वायु असतो, आणि रिकाम्या सिलिंडराचें वजन त्याच्या अंगावरच कोरलेलें असतें. दोहोंची बेरीज कांट्यावर उतरली पाहिजे. तेथेंच इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकीं एक अक्षर आणि सालाचे आंकडे असतात. तें अक्षर वर्षाची तिमाही सांगतें, आणि त्या मुदतींत सिलिंडराची पुन्हा तपासणी व्हावयास हवी असते. सिलिंडर कधींहि कांठोकांठ भरीत नाहींत. उष्णतेनें द्रव प्रसरण पावतो, यास्तव सुमारें पांचवा भाग मोकळा ठेवावा लागतो.

उरलेला वायु निघावा म्हणून सिलिंडर आडवें करणें किंवा त्यावर कढत पाणी ओतणें, ही काटकसर नव्हे. आडव्या सिलिंडरांतून द्रवच नळींत शिरतो आणि ज्योत भडकते. हा वायु हवेहून जड असल्यानें गळती झाल्यास तो जमिनीलगत सांचतो. त्याला स्वतःचा वास नाहीं. जो उग्र दर्प येतो तो सावध करण्यासाठीं मुद्दाम मिसळलेला असतो. तो आल्यास विजेचें बटणहि न दाबतां दारें-खिडक्या उघडाव्यात, आणि गळतीची परीक्षा काडी पेटवून नव्हे, तर साबणाच्या फेसानें करावी. चुलीच्या विस्तवाला घरानें शिकविलेली शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची होती. ही नवी शिस्त मात्र एकाच पिढीला शिकावी लागली, आणि कित्येक घरांनीं ती अपघाताची किंमत मोजून शिकली.

हिमप्रदेशांत चाकांवरच्या घरांतून राहणारे लोकहि हाच हिशेब करतात. तेथें स्वयंपाकाबरोबर घर उबदार ठेवण्याचें कामहि हाच वायु करतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या सुमारासच उकळण्याचें थांबतो, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊं शकतो. म्हणून ते शुद्ध प्रोपेन वापरतात, दोन टांक्या जोडून ठेवतात, आणि एक संपली कीं ती भरून आणण्यास निघतात. रात्रीं टांकी संपणें म्हणजे तेथें गारठून जाणें होय. डोंबिवलींत त्याचा अर्थ डबा चुकणें एवढाच. पण दोन सिलिंडरांमागची चिंता एकच.

गेल्या कांहीं वर्षांत हें चित्र पुष्कळ पालटलें. सवलतीच्या सिलिंडरांवर २०१२ सालीं वर्षाला सहांची मर्यादा आली. ती पुढें नऊ, आणि मग बारा झाली. सवलतीची रक्कम थेट बँकेंत जमा करण्याची पद्धति १ जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. गरीब घरांतील स्त्रियांसाठीं उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजीं सुरू झाली, आणि जोडणी ही प्रतिष्ठेची वस्तु राहिली नाहीं. १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीचे नळ मुंबईहून ठाण्यास, आणि पुढें कल्याण-डोंबिवलीसहि पोंचले. १८६५ सालीं मुंबईंतच अडलेला नळ अशा रीतीनें दीड शतकानें खाडी ओलांडून आला. ज्या घरांत तो आला, तेथें कालनिर्णयावरची तारीख लिहिणें थांबलें.

परंतु परावलंबन संपलें असें म्हणतां येणार नाहीं. वखारीचें गिऱ्हाईक मुरबाडच्या रानावर अवलंबून होतें. सिलिंडराचें गिऱ्हाईक समुद्रापलीकडच्या तेलावर अवलंबून आहे, कारण देशास लागणाऱ्या या वायूपैकीं निम्म्याहून अधिक वायु बाहेरून येतो. पुनः, मोठ्या जुन्या इमारतींत जिना चढून तीस किलोंचें भरलेलें सिलिंडर खांद्यावर आणणारा माणूस आजहि आहेच. आणि रानांतील कातकऱ्याचें कर्ज तरी वखारी बंद पडल्यानें आपोआप फिटलें असें नाहीं. वीटभट्टीनें त्याला पुन्हा उचल दिली. स्वच्छ निळी ज्योत पाहतांना तिच्यामागचे हे हात दिसत नाहींत. निखाऱ्यामागचेहि दिसत नव्हते. चुलीचा इतिहास लिहावयाचा तर तो या न दिसणाऱ्या हातांसह लिहिला पाहिजे, एवढेंच या शहरांच्या दीडशे वर्षांच्या अनुभवाचें सांगणें आहे.