मूठभर भरड, चिमूटभर मीठ

आपल्या शहरी घरांत सकाळच्या न्याहारीला ओट्सचा वाडगा येऊन आता काही वर्षे लोटली आहेत, आणि त्याच्यामागोमाग त्याला चव कशाची द्यावी हा प्रश्नही आला आहे. कोणी त्यात केळे कुस्करून वर दालचिनीची पूड भुरभुरवितो, कोणी खजूर आणि बदाम घालून तो गोड करतो, तर कोणी मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन त्याचा सरळ उपमाच करून टाकतो. हे सारे प्रयोग रुचकर असतात याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्या मुलखात या धान्याने शतकानुशतके माणसे पोसली, त्या स्कॉटलंडात हा प्रश्न या स्वरूपात फार काळ कोणाला पडलाच नव्हता, कारण तेथे चव वाडग्यात शेवटी घातली जात नसे, ती भट्टीत, जात्याखाली आणि आंबवणाच्या पिंपात अगोदरच सिद्ध झालेली असे. धान्याच्या पोटातला हा स्वाद बाहेर कसा पडला आणि मग बाहेरचा स्वाद त्याच्यावर घालण्याची पाळी कशी आली, ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

ओट हे धान्यकुळातले उशिरा प्रतिष्ठा पावलेले अपत्य होय. पश्चिम आशियातून गहू आणि जव उत्तरेकडे सरकत गेले, तेव्हा त्यांच्या शेतांत तण म्हणून ओटही गेला. आणि उत्तर युरोपच्या थंड, ओलसर हवेत गव्हाने जेथे मान टाकली तेथे हे तणच जोमाने उभे राहिलेले पाहून, कांस्ययुगातील शेतकऱ्यांनी त्याला स्वतंत्र पीक म्हणून पत्करले. स्कॉटलंडचा उन्हाळा आखूड, पाऊस अवेळी आणि जमीन बहुधा आम्लधर्मी; त्यामुळे तेथे या धान्याने जे ठाण मांडले ते कायमचे. १३२७ सालच्या मोहिमेत इंग्रजांच्या सरहद्दीत घुसलेल्या स्कॉट घोडेस्वारांजवळ खोगिराखाली एक सपाट लोखंडी पत्रा आणि पाठीशी ओटच्या भरडीची एक थैली एवढाच शिधा असे, आणि तेवढ्यावर ही फौज बाजारबुणग्यांवाचून दौड करीत असे, असे वर्णन फ्रेंच बखरकार फ्र्वासार याने करून ठेवले आहे. पुढे १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनने आपल्या इंग्रजी कोशात या शब्दाचा अर्थ देताना, इंग्लंडात घोड्यांना घातले जाणारे हे धान्य स्कॉटलंडात माणसे खातात अशा आशयाचा टोमणा मारला. त्याच ओटचे 'फुले हरिता' नावाचे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दुभत्या जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी काढले आहे, म्हणजे आपल्याकडे शेतातला ओट गोठ्याकडे जातो आणि न्याहारीचा ओट दुकानातून येतो, हे येथे सहज आठवले म्हणून नमूद करतो.

परंतु खरा विषय आहे भट्टीचा. स्कॉटलंडात कापणीच्या वेळी धान्य क्वचितच कोरडे हाती लागे, आणि ओटमध्ये इतर तृणधान्यांपेक्षा स्निग्धांश अधिक असल्यामुळे, त्याचे टरफल निघून दाणा भरडला गेला की त्यातील पाचकद्रव्याच्या योगाने तो थोड्याच दिवसांत खवट होतो. यावर उपाय एकच : दळण्यापूर्वी दाणा मंद आचेवर भाजून घेणे. गिरणीला लागून दगडी भट्टी असे. तिच्या जाळीदार जमिनीवर दाण्यांचा थर पसरून खाली पीट नावाचे दलदलीतले जळण, किंवा आधीच्या दळणातून निघालेली टरफलेच, जाळीत. आणि भट्टीवाला लाकडी फावड्याने तो थर पुनःपुन्हा परतीत असे. टिकाऊपणासाठी केलेल्या या संस्कारातून शेंगदाणा-बदामाच्या जवळ जाणारा एक खमंग गंध आपोआप लाभत असे. आपल्याकडे भाजणीच्या थालिपिठाचे मर्म पिठात नसून भाजण्यात आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट अधिक फोडून सांगण्याचे कारण नाही.

या गिरणीचा कारभार मात्र रयतेच्या मर्जीवर चालत नसे. जमीनदाराच्या मुलखातील प्रत्येक कुळाने आपले धान्य त्याच्याच गिरणीत दळले पाहिजे, दळणाचा ठराविक हिस्सा दस्तुरी म्हणून तेथेच मोजून दिला पाहिजे, शिवाय पाण्याचा पाट साफ करण्याची आणि नवे जाते ओढून आणण्याची वेठही केली पाहिजे, अशी तेथील वहिवाट होती. तिला 'थर्लेज' म्हणत. घरच्या घरी दळून हा दस्तूर चुकवू पाहणाऱ्यांची हातजाती जमीनदाराचे कारभारी फोडून टाकीत. एका मूठभर भरडीमागे किती जुलूम उभा होता, हे लक्षात घेतल्यावाचून तिच्या साधेपणाचे कौतुक करणे मला न्याय्य वाटत नाही.

भरडीच्या प्रती अनेक : टाचणीच्या माथ्याएवढी कणी, जाडी भरड, मध्यम, आणि पिठासारखी बारीक, आणि प्रत्येकीचा स्वाद व शिजण्याचा अवधी निराळा. पॉरिज म्हणजे आपल्या परिभाषेत ओटची दाट पेज. ती करताना पाणी खळखळू लागले की एका हाताने भरडीची सतत धार सोडावयाची आणि दुसऱ्या हाताने 'स्पर्टल' नावाच्या लाकडी दांड्याने, सूर्य जसा फिरतो त्याच दिशेने, ढवळीत राहावयाचे. मीठ मात्र भरड अर्धीअधिक शिजल्यावर घालावयाचे, कारण ते आधी पडले तर दाणा घट्ट राहतो असा जुन्या गृहिणींचा समज होता. खाण्याची रीत तर याहून नाजूक. दूध पॉरिजवर ओतीत नसत. साय असलेले गार दूध शेजारी वेगळ्या वाडग्यात ठेवून, शिंगाच्या चमच्यात घेतलेला प्रत्येक घास त्यात बुडवून तोंडात घालीत, म्हणजे पेज शेवटच्या घासापर्यंत गरम राही आणि दूध गार. कढत आणि गार, खारट आणि किंचित गोड यांची ही प्रत्येक घासागणिक होणारी भेट, मला वाटते, आजच्या कोणत्याही मिश्रणापेक्षा अधिक विचारपूर्वक योजिलेली आहे. पॉरिजविषयी बोलताना जुने स्कॉट लोक एकवचन न वापरता अनेकवचनच वापरीत. आपण नाही का 'पोहे झाले' असेच म्हणत!

मजुरीही याच भरडीत चुकती होई. 'बोल' हे तेथील माप १४० पौंडांचे. विवाहित नांगऱ्याच्या सालिन्यात रोख रकमेखेरीज साधारण साडेसहा बोल भरड धरलेली असे, म्हणजे वर्षाला ९१० पौंड, आठवड्याला साडेसतरा. ईशान्येकडील मोठ्या शेतांवर अविवाहित गडी 'बॉथी' नावाच्या एकखणी कोठडीत राहत, आणि तेथे चूल सांभाळीत बसण्यास कोणालाच सवड नसल्यामुळे ते 'ब्रोझ' करीत : लाकडी वाडग्यात मूठभर भरड, मीठ, वर उकळते पाणी, आणि चमच्याच्या देठाने दोन वळसे. याच ब्रोझमध्ये स्वादाची पहिली विविधता दिसते, कारण साध्या पाण्याऐवजी कधी केल नावाच्या कोबीवर्गीय भाजीचे पाणी, तर लेंट या ख्रिस्ती उपासकाळापूर्वीच्या मंगळवारी मांसाचा रस्सा ओतीत. मात्र जे जे घालावयाचे ते घरच्या परड्यातले किंवा चुलीवरच्या हंड्यातलेच असे. काही घरांत एकदाच केलेली पॉरिज कपाटाच्या खणात ओतून थिजू देत आणि पुढे तिच्या वड्या कापून शेतावर नेत. विद्यापीठांतही हीच भरड विद्यार्थ्यांचा आधार होती. हिवाळ्याच्या सत्रात एक सोमवार सुटीचा असे आणि त्याचे नावच 'मील मंडे', कारण त्या सुटीत घरी जाऊन भरडीची पिशवी पुन्हा भरून आणावी अशी अपेक्षा असे.

भट्टीनंतर स्वादाचे दुसरे उगमस्थान म्हणजे आंबवण. भरडताना निघालेल्या टरफलांना थोडे पीठ चिकटून राही; ते वाया न घालविता कोमट पाण्यात आठवडाभर भिजत ठेवीत, आंबट झाले की गाळीत, आणि तळाशी बसलेला पांढरा साका पाणी व मीठ घालून आटवीत. याला 'सोवन्स' म्हणत. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील ज्याने लहानपणापासून प्याली आहे, त्याला या पदार्थाची ओळख करून देण्याची गरज नाही. दोन दूरच्या देशांतील गरिबांनी, एकमेकांचे नावही न ऐकता, धान्याचा कस वाढविण्याचा आणि जिभेला चटका देण्याचा एकच मार्ग शोधून काढला, ही गोष्ट मला राजांच्या तहनाम्यांपेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही. ईशान्य स्कॉटलंडात नाताळच्या आदल्या रात्री सोवन्स करून पिण्याची चाल होती आणि त्या रात्रीला नावही सोवन्सचेच होते.

मध, साय आणि फळे यांना या संसारात जागा होती, पण ती सणासुदीची. १४७५ साली आयल्सच्या बंडखोर सरदाराला पकडण्यासाठी अॅथलच्या अर्लने त्याच्या पाण्याच्या विहिरीत मध, व्हिस्की आणि ओटची भरड कालविली, आणि तो तेथेच रेंगाळत राहून हाती लागला, अशी आख्यायिका आहे. 'अॅथल ब्रोझ' हे पेय तिचीच साक्ष देते. उन्हाळ्याच्या अखेरीस रास्पबेरी पिकली की खमंग भाजलेली भरड, साय आणि ते फळ एकत्र करून 'क्रॅनाखन' करीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले ते अटलांटिकपलीकडे. अमेरिकेत ओट घोड्यांसाठी आणि ओटची भरड रोग्यांसाठी, म्हणून ती औषधांच्या दुकानांत विकली जाई. ओहायो संस्थानातील अॅक्रन गावी फर्डिनंड शुमाखर या जर्मन स्थलांतरिताने ती सामान्य जनांच्या ताटात नेण्याचा उद्योग आरंभिला. त्याच संस्थानातील रेव्हेना येथील गिरणीने १८७७ साली 'क्वेकर' ही मुद्रा नोंदविली, पुढे ती गिरणी हेन्री क्रोवेल याच्या मालकीची झाली, आणि दाणे वाफवून रुळांखाली चपटे करून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर कृती छापून विकण्याची पद्धत त्याने रूढ केली. तासाभराची पेज आता थोडक्या मिनिटांत होऊ लागली. १९२२ साली 'क्विक' ओट्स आले तेव्हा तो अवधी आणखी आखडला. वेळ वाचला हे खरे, आणि गिरणीत किंवा कचेरीत दिवस काढणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तो वाचणे हा मोठाच लाभ होता. परंतु भरडीच्या प्रती, त्यांची कणीदार चव आणि गावोगावच्या भट्टीचा निराळा गंध हे सारे एका सपाट, सौम्य पापुद्र्यात विरून गेले. रिकाम्या झालेल्या या जागेत साखर आली, आणि १८८०च्या दशकात लंडनमध्ये अब्राम लाइलच्या कारखान्याने बाजारात आणलेला सोनेरी पाकही आला. मीठ की साखर हा स्कॉट घरांतला वाद या बदलाचे अपत्य आहे असे माझे मत आहे.

फळांचा मार्ग मात्र झुरिकहून निघाला. माक्सिमिलियन बिर्खर-बेनर या वैद्याने १९००च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी जे मिश्रण सुरू केले, त्यात रात्रभर भिजविलेले ओट चमचाभरच; खरा ऐवज म्हणजे सालीसकट किसलेले एक मोठे सफरचंद, त्यावर लिंबाचा रस, आटवलेले डब्यातले दूध आणि कुटलेले बदाम किंवा हेझलनट. आल्प्समधील गुराख्यांच्या साध्या जेवणावरून आपल्याला ही कल्पना सुचली असे तो सांगत असे. आज आपण ज्याला रात्री भिजवून सकाळी खावयाचे ओट्स म्हणतो, त्याचा मूळपुरुष हाच. पथ्याच्या पेजेला फळांनी आणि मसाल्यांनी रुची आणण्याची ही दृष्टी आपल्या परंपरेलाही अनोळखी नाही; चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या विकारांसाठी अठ्ठावीस यवागू, म्हणजे पेजा, सांगितल्या आहेत, आणि त्यांत पिंपळी, सुंठ, डाळिंब अशी द्रव्ये येतात. ओटच्या वाडग्यात सुंठ आणि डाळिंबाचे दाणे घालणारी आजची गृहिणी, तिला ठाऊक असो वा नसो, त्या जुन्या पाकशास्त्राच्या वाटेनेच चालली आहे.

हायलँड्समधील कारब्रिज या खेड्यात १९९४ पासून दरवर्षी शरदात पॉरिज शिजविण्याची जागतिक स्पर्धा भरते आणि सोनेरी स्पर्टल हे तिचे पारितोषिक असते. तिच्यात दोन विभाग आहेत. एकात स्पर्धकाने मनास येईल ते फळ, मसाला, मध, मद्य घालावे, त्याला बंदी नाही. दुसऱ्यात, आणि सोनेरी स्पर्टल याच विभागाचे, केवळ तीन जिन्नस : ओटची भरड, पाणी आणि मीठ. रुळांखाली चपटे केलेले ओट तेथे चालत नाहीत. भरड कोणत्या प्रतीची घ्यावी, ती रात्री भिजवावी की नाही, मीठ केव्हा पडावे आणि हात केव्हा थांबावा, एवढेच तेथे स्पर्धकाच्या स्वाधीन असते. आणि परीक्षक एकामागून एक वाडगा चाखीत, त्या तीन जिनसांत कोणाचा स्वाद अधिक उतरला ते ठरवितात.