फुलामुलांच्या कवीचे घर

मराठी कवितेत 'फुलामुलांचे कवी' ही ओळख एकाच कवीला मिळाली, ती रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांना. फूल, पाखरू आणि मूल हे त्यांच्या कवितेचे नेहमीचे विषय. यामागे निसर्गप्रेम होते, तशीच श्रद्धाही होती. लेकरांना दूर सारणाऱ्या शिष्यांना येशूने अडवले आणि स्वर्गाचे राज्य अशांचेच आहे असे सांगितले, ही शुभवर्तमानातील कथा प्रसिद्ध आहे. टिळकांच्या भक्तीचा सूर या कथेशी जुळणारा आहे. मात्र देवाजवळ लडिवाळपणे हट्ट धरण्याची रीत त्यांना वारकरी संतांकडून मिळाली होती. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे ते म्हणत. त्यामुळेच त्यांच्या अभंगांत ख्रिस्त 'माउली' होऊन येतो.

तरीही याच श्रद्धेने आधी त्यांचे घर मोडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्या वेळी पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू नातेवाइकांकडे होते. चित्पावन घराण्यातील स्त्रीसाठी हा आघात वैधव्याहून फारसा वेगळा नव्हता. पती हयात असून परका झाला होता. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. ते हळूहळू गळून पडले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकिगत 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. एवढे दुःख भोगलेल्या बाईने ती मिस्कीलपणे, अनेकदा स्वतःलाच हसत सांगावी, हे या आत्मचरित्राचे खरे नवल. टिळकांचा तापट स्वभाव आणि बेहिशेबी दानशूरपणा त्यांनी झाकलेला नाही. निरागसपणाचे श्रेय द्यायचेच, तर कवीपेक्षा त्याच्या पत्नीला काकणभर अधिक द्यावे लागेल.

पुन्हा उभे राहिलेले हे घर रक्ताच्या नात्यापुरते उरले नाही. परक्या लेकरांनाही तेथे आसरा मिळाला. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात 'बालकवी' ठरलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे अहमदनगरला या कुटुंबात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. कर्मठ हिंदू घरातील या तरुणाला तेथे राहण्यासाठी धर्म बदलावा लागला नाही. १९१८ मध्ये रेल्वे अपघातात ठोमरे यांचा अकाली मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी टिळकही गेले.

येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा त्यांचा 'ख्रिस्तायन' हा संकल्प ११ अध्यायांनंतर थांबला होता. लग्नानंतर पतीकडूनच अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी तो हाती घेतला आणि आणखी ६४ अध्याय रचले. १९३६ मध्ये त्यांचेही निधन झाले. अखेरचा अध्याय त्यांच्या दत्तूने, म्हणजे देवदत्त नारायण टिळक यांनी लिहिला.