कान, काका आणि तोंतों

आमचे पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसला आले. बेट १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकले होते, पण फ्रेंच मळेवाले तसेच राहिले आणि मळ्यावर क्रिओल चाले. त्या भाषेत ऊस म्हणजे 'कान'. 'कूप कान' म्हणजे ऊस तोडणे. पहिल्या सकाळी हा हुकूम ऐकून कोकणातल्या माणसाचा हात कुठे गेला असेल? आजही हे सांगितले की वर्गातली मुले आपले कान झाकून घेतात. भरीला, मजूर राहात त्या वस्तीला 'कां' म्हणत, नाकातून. २०१२ पासून प्राथमिक शाळेत क्रिओल शिकवतात. तिथे उसाला दोन 'एन' आणि वस्तीला एकच.

हसण्यावारी नेता येतील असे शब्द आणखीही आहेत. क्रिओलमध्ये 'मामा' म्हणजे आई, 'बाबा' म्हणजे तान्हे मूल. "मामा स्वयंपाक करते" असे दरवर्षी कोणीतरी लिहितेच. (मामानेही करायला हरकत नाही म्हणा!)

'काका' मात्र हसण्यावारी गेला नाही. क्रिओलमध्ये त्याचा अर्थ शी. आम्ही सात वर्षांच्या असताना वर्गात "आमचे काका आले" म्हणालो आणि हशा पिकला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी त्यांना आम्ही 'तोंतों' म्हटले. ते काही बोलले नाहीत. पुढे घरातही ते तोंतोंच झाले. धाकट्या भावंडांच्या तोंडी काका हा शब्द आलाच नाही.

पण तोंतों म्हणजे काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळेच. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. त्यांत मजुराच्या नावाबरोबर बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज. घरी मात्र एवढेच ठाऊक असते की पणजोबांचे एक तोंतों आधी आले होते. ते काका असतील, तर त्यांच्या बापाचे नाव म्हणजे पणजोबांच्या आजोबांचे नाव, आणि आपण एकदम मागच्या पिढीत पोचतो. मामा असतील, तर घराणेच निराळे.

यंदा आम्ही मुलांना वंशवृक्ष काढायला दिला. 'काका' फळ्यावर लिहिला तशी मुले हसली, हसू दिले. मग सांगितले, तोंतों चालणार नाही, वडिलांचा भाऊ की आईचा ते घरी विचारून या. दोघांच्या घरी ते कोणालाच सांगता आले नाही.