पॅसिफिक सॅमन करार

पॅसिफिक सॅमन करार हा कॅनडा आणि अमेरिका यांच्यात १९८५ साली झालेला मासेमारीविषयक करार आहे. सॅमन मासे नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी जन्मनदीकडे परततात. या प्रवासात एका देशाच्या नद्यांतील मासे दुसऱ्या देशाच्या जाळ्यांत सापडतात. म्हणून अतिमासेमारी टाळणे आणि प्रत्येक देशाला स्वतःच्या नद्यांतील उत्पादनाच्या प्रमाणात लाभ मिळणे, ही कराराची दोन मूलतत्त्वे ठरली. अंमलबजावणीसाठी स्थापन झालेल्या पॅसिफिक सॅमन आयोगाचे मुख्यालय व्हँकुव्हर येथे आहे. वाटपाच्या वादातून १९९७ मध्ये कॅनडाच्या मच्छीमारांनी प्रिन्स रूपर्ट बंदरात अलास्काची प्रवासी बोट अडवून धरली. १९९९ च्या समझोत्यानुसार अनेक ठिकाणी ठरावीक कोट्याऐवजी माशांच्या उपलब्धतेवरून पकडीची मर्यादा ठरू लागली. मासे घटले, की पकडही घटवावी लागते.