छत्रीला काय पाहिजे?

माझ्या अंगात नट नाही, हे आमच्या घरी सर्वांना मान्य आहे. पण चंद्रपूरच्या आमच्या कचेरीच्या स्नेहसंमेलनात 'चिठ्ठी उचला आणि दोन मिनिटे नाटक करा' असा झटपट कार्यक्रम ठरला, आणि चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. दोन रात्री जागून मी चाळीस विषय काढले. 'चंद्रावरची खानावळ', 'बोलणारी छत्री' वगैरे. सौभाग्यवतींनी वाचून विचारले, "ह्यात हसायचं कुठं?" मी म्हटले, ते नटाने बघावे.

नटाने बघितले. "मी छत्री आहे," असे तो बोलला, आणि पुढे छत्रीला काही सुचेना. दोन मिनिटे किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळले.

माझ्या शेजारी तरुणपणी दंडारीत नाचलेले एक म्हातारबुवा बसले होते. ते हळूच म्हणाले, "बाबूजी, छत्री काहून बोलते? तिले का पाह्यजे?"

झाले! झाडीपट्टीच्या दोन-चार पिढ्यांचे नाट्यशास्त्र एका वाक्यात आटोपले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या ह्या धानाच्या मुलखात दंडार आणि खडी गंमत रंगली ती बरीचशी तोंडच्या तोंडी. पुरुषच बायका व्हायचे. कोण आला, कुणाकडे काय मागतो आणि समोरचा ते का देत नाही, एवढे ठरले की बाकीचे उभ्या उभ्या सुचायचे. तमाशातल्या बतावणीचेही तेच. शिकागोत कंपास प्लेअर्स मंडळी १९५५ साली प्रेक्षकांकडून विषय मागून खेळ करू लागली, त्याचे जगाला कोण कौतुक! आमच्याकडे विषय मागावा लागत नसे. तो पुढच्याच रांगेत पागोटे घालून बसलेला असे.

पुढे लिहिलेली नाटके आली, वडशात नाटकमंडळ्या उभ्या राहिल्या. दिवाळीनंतरच्या हंगामात रात्र रात्र प्रयोग, तालमींना सवड बेताची. म्हणून विंगेत प्रॉम्प्टर आला. म्हणजे दंडारीत माणसाला शब्द सुचायचे, नाटकात ते सुचवावे लागू लागले! तरी विनोदी नटाला बांधून ठेवणे प्रॉम्प्टरच्या बापाला जमलेले नाही. कुरखेड्याकडचे परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हां सर्वांना आपल्याच घरात पेढे वाटल्यासारखे झाले.

पुढच्या वर्षी मी एकच चिठ्ठी मन लावून लिहिली : 'एकजण उसनी दिलेली सायकल मागायला आला आहे. नेणाऱ्याने ती विकली आहे, आणि तो साहेब आहे.'

सभागृह हसून हसून लोळले. मोठे साहेब तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सायकल फाटकाशी उभी होती. घंटी गेली होती. पण ती मागण्यासाठी निराळी चिठ्ठी लिहावी, एवढे धैर्य मला अजून झालेले नाही.