घर आपलं, जमीन कुणाची?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय नेहमीचाच, कन्व्हेयन्स. फ्लॅट आमचे, हप्ते आमचे, पण खालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर! डोकं भणभणलं, आणि आठवलं आमचं गोंदियाकडचं गाव. तिथे तर एके काळी अख्खी वस्तीच दुसऱ्याच्या जमिनीवर होती.

गोंदिया जिल्हा झाला १९९९ मध्ये. त्याआधी तो भंडाऱ्यात होता, आणि इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात. भोसल्यांच्या राज्यात पाटील म्हणजे मुळात सारा गोळा करणारा माणूस. १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं आणि १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी अशा लोकांना गावाचे मालकच करून टाकलं. हेच मालगुजार. पडीक, जंगल, तलाव, एवढंच काय, गावठाणही त्यांचं. रयतेनं घर बांधलं तर भिंती, कवेलू, लाकूड तिचं, जागा मालगुजाराची.

मग भांडण झालं तर घर कुणाचं?

इंग्लंडचा जुना नियम सोपा होता : जमिनीला जे जोडलं गेलं, ते जमीनमालकाचं. आपल्याकडे तो जसाच्या तसा चालला नाही. १८६६ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं ठाकूर चंदर परमाणिकच्या खटल्यात सांगितलं की नुसता घुसखोर नव्हे, तर आपला हक्क आहे असं प्रामाणिकपणे मानून कुणी बांधलं असेल, तर त्याला सामान काढून नेता यावं, नाहीतर मोबदला मिळावा. यातलं काय करायचं ते मात्र जमीनमालक ठरवणार. ऐकायला छान, पण मातीच्या भिंती उचलून माणूस नेणार कुठे?

खरं उत्तर आलं ३१ मार्च १९५१ ला. त्या दिवशी १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्यानं मालगुजारी संपली (विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता). मालगुजाराची मालकी सरकारकडे गेली. तलावही गेले, म्हणून तर 'माजी मालगुजारी'चे ते 'मामा तलाव' झाले. पण कलम ५ नं गावठाणातली घरं ज्याची त्याच्याकडे ठेवली, आणि सरकारनं घराखालची जमीन त्याच माणसाला लावून द्यायची असंही लिहिलं. म्हणजे इंग्लंडचा नियम चक्क उलटा : घर जमिनीच्या मागे गेलं नाही, जमीन घराच्या मागे आली.

हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. घराखालची जमीन लावून देण्याचे शब्द गावठाणाच्या हद्दीतल्या घरांपुरतेच होते. हद्दीबाहेर झोपडी असलेल्याला त्या शब्दांचा आधार नव्हता. एका रेषेवर सगळा फरक!

असो. आमच्यासारख्यांसाठी महाराष्ट्रात २००८ पासून मानीव अभिहस्तांतरण आहे. बिल्डर सही करत नसेल तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तत्त्व तेच, राहणाऱ्याच्या मागे जमीन. फक्त गावाकडे कायदा स्वतःहून दारात आला होता, इथे आपल्याला फाईल घेऊन जावं लागतं. पुढच्या मीटिंगला अर्ज भरूनच जातोय.