पाप, आजार आणि एक बिल्ला

व्यसन पाप की आजार, हा ख्रिस्ती धर्मातला जुना वाद. मला त्याचे उत्तर एका रुग्णालयाच्या नोंदीत दिसते. १९३९ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात दारुड्याला खाट मिळणे कठीण होते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे एक संस्थापक डॉ. बॉब स्मिथ यांच्या अशा रुग्णाला सेंट थॉमस रुग्णालयाच्या सिस्टर इग्नेशियांनी दाखल केले. निदान लिहिले, जठराचा तीव्र दाह. धर्मभगिनीने खोटे लिहावे? मी तसे म्हणणार नाही. दारूने जठर सुजतेच की! पुढे घरी निघालेल्यांना त्या येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला देत. पुन्हा प्यायचे झाल्यास आधी तो परत आणून द्यायचा. म्हणजे रुग्णालाही वचन पाळायचे होतेच. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार मानले, ते १९५६ साली.